लाल सुतळीची चार पोती

१

आमच्या घरात सकाळी ओरडण्याचा मान सासूबाईंचा असतो. त्यामुळे त्या दिवशी कोल्ड स्टोरेजमधून जी किंकाळी आली ती त्यांची नाही, हे कळायला मला जरा वेळ लागला. ती माझ्या बायकोची आहे हे कळलं तेव्हा हातातला कप हातातच राहिला. माझी बायको ओरडणाऱ्यांतली नाही. लग्नाला होकारसुद्धा तिने मान हलवूनच दिला होता.

मी पळत गेलो. ती स्टोरेजच्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात बसली होती. पुढ्यात लाल सुतळीने शिवलेलं एक पोतं उघडं पडलं होतं, आणि ती एकेक बटाटा उचलून निरखत होती, तान्ह्या मुलांच्या वॉर्डात बाळ बदललंय असं वाटणाऱ्या आईसारखी.

"अहो, हे माझे नाहीत," ती म्हणाली. "माझ्यांचे डोळे गुलाबी असतात."

नवख्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. आमचं शेत बटाट्याचं आणि शेताला चिकटून फॅक्टरी चिप्सची. स्टोरेजला दोन गाळे आहेत. कडक गाळ्यात लावणीचं बियाणं झोपतं, सौम्य गाळ्यात चिप्सचा बटाटा. अदलाबदल चालत नाही. कडक थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. लावणीला त्याने काही बिघडत नाही, पण तळायला घेतला तर चिप्स तपकिरी पडतात. हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक आहे. म्हणून बियाण्याच्या पोत्याला लाल सुतळी, चिप्सच्या पोत्याला काळी. बाहेर काढलेला माल गाळ्यांच्या मधल्या खोलीत ठेवून हळूहळू ऊब द्यायची, एवढीच काय ती दोघांची भेट.

लाल सुतळीची ती चार पोती म्हणजे माझ्या बायकोची नऊ वर्षं होती. करप्याने शेतंच्या शेतं काळी केली त्या साली तिला बांधाजवळ एक हिरवं झाड दिसलं. त्याचे बटाटे तिने लावले, त्यातले जगले ते पुन्हा लावले. नऊ हंगाम. त्यातला एकही बटाटा कोणी खाल्ला नव्हता, तिनेही नाही. बियाणं खायचं नसतं. गेले दोन हंगाम करप्याने पुन्हा सगळा भाग धुऊन नेला होता, आणि या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या वाणाची मोठ्या शेतात लावणी व्हायची होती. जगात दुसरीकडे कुठेही तो वाण नव्हता. त्याला नावही नव्हतं. ती त्यांना नुसतं 'माझे' म्हणायची.

तोवर सासूबाई आल्या, त्यांच्यामागून सगळं घर आलं.

"बाकीची तीन पोती बघितलीस?"

"माझ्याच्याने बघवणार नाही, आई."

"मग कोणीच बघू नका. फौजदार येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही." सासूबाईंनी मधल्या खोलीला कुलूप घातलं आणि वळल्या. "किल्ली रोज कोणाकडे असते?"

सगळ्यांच्या माना गारठ्याकडे वळल्या. गारठा हा आमचा स्टोरेज सांभाळणारा. बारा महिने स्वेटर आणि माकडटोपी, म्हणून हे नाव. तो थंडीत थरथरत नाही, पण आता थरथरायला लागला.

"आणि या बियाण्याचा विमा," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "गेल्याच महिन्यात कोणी उतरवला?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या बायकोचीसुद्धा.

२

चोरीची वर्दी दिली की फौजदार संध्याकाळी येतो. विम्याचा फोन केला की सर्व्हेअर तासाभरात येतो. यावरून कोणाला कोणाचं जास्त नुकसान होण्याची भीती असते ते कळतं.

सर्व्हेअर उंच, वाकलेले आणि आयुष्यभर जळकी गोदामं हुंगल्यासारख्या चेहऱ्याचे होते. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे चहाबरोबर डबा पुढे केला. त्यात बाद झालेले तपकिरी चिप्स होते. ज्यांच्या घरी चिप्स बनतात त्यांच्या घरी चांगला चिप्स कोणी खात नाही.

"मला मीठ बंद आहे," ते म्हणाले. "डॉक्टरने सांगितलंय, मीठ खाल्लंत तर तुमचाच सर्व्हे करावा लागेल."

त्या क्षणापासून घरात त्यांचं नाव अळणीसाहेब पडलं. मी मात्र काळजीने चिप्स खात होतो. काळजीत मी काहीही खातो.

सासूबाईंनी मधली खोली उघडली. आत हिरवा मंद उजेड होता. सगळे चेहरे पाण्याखाली बुडाल्यासारखे दिसत होते.

"हा दिवा नवा दिसतो," अळणीसाहेब म्हणाले.

"मीच लावला, काल सकाळी," माझा मेहुणा पुढे झाला. फॅक्टरी तो बघतो. म्हणजे फॅक्टरी चालते आणि तो तिच्याकडे बघतो. "साध्या दिव्याखाली बटाटा हिरवा पडतो. हिरव्या उजेडात पडत नाही. शास्त्र आहे हे!"

"मागच्या वेळी त्याच्या शास्त्राने पाकिटं उलटी छापली होती," सासूबाई म्हणाल्या.

गारठा कोपऱ्यात उभा होता, काळी माकडटोपी कपाळावर ओढून, गालावर हात धरून. अळणीसाहेबांनी त्याच्याकडून लांब दांड्याचा थर्मामीटर मागून घेतला. शिवलेल्या तीन पोत्यांना त्यांनी हात लावला नाही. पंचनाम्याआधी बंद मालाला हात लावायचा नाही, असा विम्याचा नियम आहे आणि हे गृहस्थ नियमाला मिठाइतकंच घाबरत होते. उघड्या पोत्याच्या पोटात मात्र त्यांनी दांडा खोल खुपसला आणि थांबले.

"बारा," ते म्हणाले.

"बारा कसं येईल?" बायको पुटपुटली. "परवाच कडक गाळ्यातून काढली मी. पोत्याच्या पोटात अजून सात-आठ असायला हवं."

"सौम्य गाळा किती ठेवता?"

"बारा," गारठा म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो असा चेहरा केला.

अळणीसाहेब खाली वाकले, फरशीवरचे सुतळीचे चारपाच काळे तुकडे वेचून त्यांनी खिशात टाकले.

"काल किल्ली सबंध दिवस तुमच्याकडे होती?"

"नाही साहेब. दाढ ठणकत होती. दुपारी जावईबापूंनीच मला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. किल्ली पॅकिंगच्या खोलीत खुंटीला लावून गेलो."

"म्हणजे कोणीही घेऊ शकत होतं?"

"खुंटी काय, सगळ्यांचीच असते."

अळणीसाहेब बाहेर आले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चोराने नेलेल्या मालाच्या जागी जे बटाटे भरले, ते तुमच्याच सौम्य गाळ्यातले आहेत. बाहेरचा चोर पोती भरून द्यायला थांबत नाही. हा घरचा माणूस आहे."

मी आणखी एक चिप्स तोंडात टाकला.

३

बायको माझ्याशी बोलत नव्हती. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती अंगणाच्या कठड्यावर बसून नांगरून ठेवलेल्या शेताकडे बघत होती. सऱ्या पाडून तयार होत्या.

"तुला खरंच वाटतं, विम्यासाठी मी..."

"मला आत्ता काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "फक्त एवढंच वाटतं की ते कुठेतरी आहेत आणि त्यांना कोणीतरी उन्हात ठेवलं असेल."

जिन्याखाली गारठा बसला होता, लाल माकडटोपी घालून. फौजदार येणार म्हणून माणूस टोपी बदलतो, याचं मला नवल वाटलं. पण धास्तावलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. मी स्वतः दाढी केली होती का ते सकाळपासून तीनदा तपासलं होतं.

अळणीसाहेबांनी मेहुण्याला गाठलं. "काल दुपारी मधल्या खोलीत कोण गेलं?"

"मीच. गारठा नव्हता ना. चिप्सची चार पोती काढून ठेवलेली दिसली, ती ट्रॉलीवर घातली, वर ताडपत्री टाकली, मामांच्या ताब्यात दिली आणि ऑफिसात गेलो. पाहुणे होते."

"पाहुणे?"

पाहुणे म्हणजे टायवाले. मोठ्या कंपनीचा हा माणूस दर पंधरवड्याला येतो आणि माझ्या बायकोकडे "फक्त एक बटाटा" मागतो, नमुन्याला. ती दर पंधरवड्याला चहा देते आणि बटाटा देत नाही. काल तो आला होता आणि आज सकाळी, बातमी कळायच्या आधी, पुन्हा हजर होता. गाडी फाटकाशी उभी होती. डिकी दोरीने बांधलेली होती, कारण ती बंद होत नव्हती.

"आत काय आहे?" अळणीसाहेबांनी विचारलं.

"वैयक्तिक सामान," टायवाले म्हणाले. टाय सैल करत ते डिकीच्या आड उभे राहिले.

बायको कधी उठली ते कळलंच नाही. तिने दोरी सोडली नाही, दातांनी तोडली. डिकी उघडली. आत एक पोतं होतं, गच्च भरलेलं.

४

पोत्यात माहितीपत्रकं होती. चारपाचशे. वर मोठ्या अक्षरांत 'हिरवा प्रकाश, निरोगी बटाटा' आणि खाली हसणारा एक बटाटा.

"वाटायची होती," टायवाले ओशाळून म्हणाले. "कोणी घेत नाही. ऑफिसात सांगतो की वाटली. गावात फक्त आपल्या मालकांनी वाचलं."

मेहुण्याला आपण मालक असल्याचा आनंद आवरता आला नाही. बायको पत्रकावरच्या हसऱ्या बटाट्याकडे बघत राहिली, मग मुकाट्याने कठड्यावर जाऊन बसली. टायवाले निर्दोष ठरल्याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आता शिल्लक कोण होतं? गारठा, मेहुणा, मामा आणि मी. त्यात विमा उतरवलेला एकटा मी.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. फ्रायर त्यांच्या हाताखाली. एक चकती तपकिरी निघाली तरी मामा तेलापासून नशिबापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात, इतका की शेजारच्या शेतातले लोक त्यावरून घड्याळ लावतात. मेहुण्याला त्यांनी खांद्यावर खेळवलंय. गेल्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "याने आणखी एक उद्योग केला तर फॅक्टरी याच्या ताईच्या हातात देईन," तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते ते मामा, मेहुणा नव्हे.

आम्ही गेलो तेव्हा ते फ्रायरपाशी उगीच स्वच्छ असलेली जाळी पुसत होते.

"काल दुपारचा माल कसा निघाला, मामा?" अळणीसाहेबांनी विचारलं.

"थोडा... तेल जास्त तापलं."

"पूर्ण पाळी?"

"नाही नाही. सुरुवातीचा माल. शेवटचा अगदी पांढराशुभ्र निघाला. पॅक करून गेलासुद्धा."

"तेल मध्ये बदललं?"

"कालचं तेल कालच कशाला बदलायचं?" मामा म्हणाले आणि जाळीचा तोच कोपरा पुन्हा पुसू लागले.

"काल मामा ओरडले का?" अळणीसाहेबांनी परत येताना मला विचारलं.

मी आठवून पाहिलं. "नाही. डॉक्टरकडून आलो तेव्हा फारच शांत होतं. मला वाटलं, घसा बसलाय."

गोठ्यापाशी ते थबकले. गाईच्या गव्हाणीत तपकिरी चिप्सचा ढीग होता. बाद मालातला गाईचा वाटा मिठाच्या पिंपात जायच्या आधीच काढतात. गाय तृप्त दिसत होती. अळणीसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि एका सरकारमान्य सर्व्हेअरने कधीही करू नये ते केलं. गव्हाणीतला एक चिप्स उचलला, उजेडात धरला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला.

"तेल तापलं तर कडा आधी जळतात," ते म्हणाले. "हा मधोमध तपकिरी आहे."

"म्हणजे?"

"सौम्य गाळ्यातली पोती मोजून या."

मी मोजून आलो. कालच्यापेक्षा चारच कमी होती. मी आनंदाने सांगितलं. काल चार तळली, चार कमी, हिशेब चोख!

"चोख आहे, हीच तर अडचण आहे," अळणीसाहेब म्हणाले. "चार तळली म्हणून चार कमी. मग लाल सुतळीच्या पोत्यात भरलेले बारा अंशांचे बटाटे आले कुठून?"

तेवढ्यात फाटकापाशी फौजदाराची जीप थांबली. गारठा उभा राहिला आणि स्वतःहून दोन्ही हात पुढे करून चालू लागला.

"थांबा हो!" अळणीसाहेब ओरडले. "चोरी झालेलीच नाही. बियाणं घरातच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरंचसं पोटात."

५

त्यांनी सगळ्यांना मधल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. हिरव्या उजेडात आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो, फौजदार धरून.

"या माणसाच्या टोपीचा रंग कोणता?"

"काळा," फौजदार म्हणाला. सरकारी उत्तर असल्यामुळे आम्हीही काळाच म्हणालो.

अळणीसाहेबांनी दार उघडलं. ऊन आत आलं. टोपी लालभडक झाली.

मग त्यांनी खिशातले सुतळीचे तुकडे तळहातावर पसरले. आत वेचताना सगळे काळे होते. आता त्यातले दोन लाल होते.

"हिरव्या दिव्याखाली लाल रंग काळा दिसतो," ते म्हणाले. "काल सकाळी दिवा लागला. दुपारी गारठा नव्हता. भाचेबुवा आले, काळ्या सुतळीची चार पोती उचलली आणि..."

"नाही," मेहुणा म्हणाला. "काळीच होती. मी नीट बघून..." त्याचं वाक्य तिथेच तुटलं. त्याने दिव्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"म्हणजे मी ते... ताई, मी तळायला दिले?"

काल संध्याकाळी चहाबरोबर आणि आज सकाळपासून काळजीबरोबर मी काय खात होतो ते मला कळलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची नऊ वर्षं डब्यातून खाल्ली होती. कुरकुरीत होती, असंही मी म्हणालो होतो.

"पण पोती बदलली कोणी?" सासूबाईंनी विचारलं. "या गाढवाला तर पत्ताच नव्हता."

"ज्याला रंग बघताक्षणी कळलं त्याने," अळणीसाहेब म्हणाले. "ज्याला सोलायच्या मशीनपाशी सुतळी उजेडात दिसली त्याने. आणि जो काल, आयुष्यात पहिल्यांदा, तपकिरी चिप्स बघून ओरडला नाही त्याने."

मामा पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे होते, ते तसेच खाली बसले.

"पहिला घाणाच तपकिरी निघाला, अक्का," ते सासूबाईंना म्हणाले. "पळत सोलायच्या मशीनकडे गेलो. लाल सुतळी खाली पडलेली. तोवर सगळं पाण्यात सोललेलं पडलं होतं. सोललेल्या बटाट्याला परत साल लावता येत नाही गं." मग माझ्या बायकोकडे वळले. "पोरी, मला वाटलं चोरी झाली असं ठरेल. चोराचा राग माणूस चार दिवसांत विसरतो. भावाचा नाही विसरत."

"आणि गारठा?" बायको पहिल्यांदा बोलली. "त्याला जीपमध्ये घातलं असतं तर?"

गारठ्याने गालावरचा हात काढला नाही, पण मामांकडे पाठ केली.

"मामा," अळणीसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "आणखी एक विचारतो. शेवटचा माल पांढराशुभ्र निघाला म्हणालात. तेल तेच, फ्रायर तोच. मग शेवटचं पोतं बियाण्याचं नव्हतं. सौम्य गाळ्यातून चार पोती कमी आहेत. त्यातलं एक तुम्ही पाळी पुरी करायला तळलं. इथे आणून शिवायला उरली तीन. आणि इथे पोती आहेत चार."

बायको हळूच सरळ झाली.

"चौथं फोडलं नव्हतं," मामा पुटपुटले. "सुतळी बघितली आणि आहे तसं परत आणून ठेवलं. त्या टोकाला. तेवढं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

सकाळपासून ते तिच्यापासून दोन हातांवर उभं होतं.

"पंचनामा..." फौजदार म्हणाला.

"गप बसा हो," सासूबाई म्हणाल्या, आणि फौजदार बसलासुद्धा.

बायकोने थर्मामीटर घेतला. दांडा पोत्यात जाताना मी तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं नाही. काटा बारावरून निघाला. दहा. नऊ. तिथे तो इतका वेळ रेंगाळला की मेहुण्याने डोळे मिटून घेतले. मग आठवर येऊन थांबला.

तिने पोतं दारात ओढलं, सुतळी कापली आणि एक बटाटा उन्हात धरला. त्याचे डोळे गुलाबी होते.

दहा गुंठ्यांऐवजी अडीच गुंठे. करपा आला तर तेवढी झाडं उभी राहतील, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा चार पोती होतील. ती हे तोंडाने मोजत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायची तिला सवड नव्हती.

अळणीसाहेबांनी तिथेच अहवाल लिहिला. चोरी आढळली नाही. निष्काळजीपणाला विमा लागू नाही. गेलेला माल कुटुंबीयांनी व एका गाईने उपभोगला. त्यांनी स्वतःचं नाव त्यात घातलं नाही, पण एक क्षण पेन थांबलं होतं एवढं मी पाहिलं.

मेहुणा शिडी आणून हिरवा दिवा काढत होता. कोणी सांगितलं नव्हतं. मामा गोठ्याच्या भिंतीशी उभे होते, आत जावं की निघून जावं हे न कळलेल्या पाहुण्यासारखे.

बायको गव्हाणीपाशी गेली. गाईने उरवलेला एक चिप्स तिने उचलला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग खाल्ला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, गायसुद्धा.

"चांगला आहे," ती म्हणाली.

मग मामांकडे वळली.

"उद्या सकाळी बियाणं कापायला या. प्रत्येक फोडीला दोन डोळे आले पाहिजेत. चाकू उकळून आणा, आणि दर बटाट्याला धुवा."

"धुतो," मामा म्हणाले.

"मी बघायला बसणार आहे," गारठा म्हणाला, आणि टोपी कानांवर ओढून घेतली.